रॉकेट-ग्लायडरचा पंख: हलका हवा, फडफडणारा नको

मॉडेल रॉकेटवरून वर जाणाऱ्या ग्लायडरचा पंख बहुतेक वेळा मोडतो तो उतरताना नव्हे, चढताना. चढताना वेग सेकंदाला 40 मीटर आणि तरंगताना 5 मीटर धरला, तर फरक आठपट. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 64 पट. लवचिक पंख अशा वेळी फडफडू लागतो आणि क्षणात त्याच्या चिंध्या होतात.

म्हणून निम्मं काम बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, फळी निवडतानाच होतं. 75 × 915 मिमीची, 2.4 मिमी जाड फळी काट्यावर ठेवा. 16-17 ग्रॅम भरली तर उत्तम; 26 ग्रॅमची पंखाला नको. ‘जड फळी पातळ घेऊ’ हा हिशेब फसवा आहे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात हलकी पण जाड फळीच जास्त ताठ ठरते. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने हव्यात. फळी रुंदीत वाकवून पाहा: सहज गोल वळली तर बाजूला ठेवा. पृष्ठभागावर बारीक चमकदार ठिपके असलेली फळी सहसा वळत नाही. पंखासाठी तीच घ्या.

150 × 60 मिमीचे दोन तुकडे कापा. खालची बाजू सपाटच राहू द्या. वरची बाजू पुढच्या काठापासून साधारण 18 मिमीवर सर्वांत जाड ठेवून मागच्या काठाला 0.8 मिमीपर्यंत उतरवा. पुढचा काठ गोल करा. पॉलिश पेपर आधी 150, मग 320 नंबरचा, आणि तो ठोकळ्याला गुंडाळूनच. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. दोन्ही तुकडे मिळून सव्वाचार ग्रॅमचं लाकूड तीनेक ग्रॅमवर येतं.

जोडताना एक अर्धा पंख टेबलावर सपाट दाबा, दुसऱ्याचं टोक 40 मिमी उचला आणि सांध्याच्या कडा त्या कोनात घासून घ्या. लाकडाच्या गोंदाचा पातळ थर दोन्ही कडांना लावून मुरू द्या, मग पुन्हा लावून जोडा. गोंदाचा ढीग घातल्याने सांधा मजबूत होत नाही, वजन मात्र वाढतं.

रंग टाळाच. डोप (मॉडेल विमानांना लावायचं पातळ लॅकर) लावायचंच असेल तर दोन्ही बाजूंना सारखं लावा. ते सुकताना आकसतं, आणि एकाच बाजूला लावलं तर पंख पिळतो. पिळलेला पंख चढताना रॉकेट गरगर फिरवतो, उतरताना ग्लायडरला गिरक्या घ्यायला लावतो. मागून डोळा लावून पाहा. पीळ दिसला तर पंख वाफेवर धरून हलकेच उलटा पिळा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा.