सीएफएम : इथरनेट स्विचवरील जोडणी-दोषांची देखरेख

इथरनेट जाळ्यातील दोन टोकांमधला मार्ग चालू आहे की नाही हे स्विचनेच सतत तपासत राहण्याची, तो तुटल्यास सूचना देण्याची व तुटल्याची जागा शोधण्याची प्रमाणित पद्धत. पूर्ण नाव कनेक्टिव्हिटी फॉल्ट मॅनेजमेंट. व्यवहारात सीएफएम हाच शब्द रूढ आहे. पोर्टवरचा हिरवा दिवा फक्त शेजारच्या उपकरणापर्यंतची तार शाबूत असल्याचे सांगतो. वाटेतल्या एखाद्या स्विचवरून व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळे ठेवलेले आभासी जाळे) चुकून काढला गेला, तर सगळे दिवे हिरवेच राहतात आणि ग्राहकाची वाहतूक मात्र बंद पडते. असा दोष दिव्यांवरून कधीच सापडत नाही.

उगम : एसडीएच (दूरसंचाराची जुनी प्रेषणपद्धती) जाळ्यांत देखरेखीसाठी प्रत्येक चौकटीतच (फ्रेम, म्हणजे एकत्र पाठवला जाणारा माहितीचा गठ्ठा) जागा राखून ठेवलेली असे. इथरनेट मुळात एका इमारतीपुरते असल्याने त्यात अशी सोय नव्हती. दूरसंचार कंपन्या शहरांमध्ये इथरनेट सेवा विकू लागल्यावर ती उणीव जाणवू लागली. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या मानक-संस्थेचे ८०२.३एएच (२००४) हे मानक एकाच दुव्यापुरते होते. टोकापासून टोकापर्यंतच्या देखरेखीसाठी दोन दस्तऐवज पुढे आले : आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानक-विभागाची वाय.१७३१ ही शिफारस (मे २००६) आणि आयट्रिपलईचे ८०२.१एजी हे मानक (२००७). प्रकाशनवर्षावरून काही लेखक पहिलेपणाचा मान वाय.१७३१ला देतात. तथापि दोन्हींच्या संदेशांची रचना एकच आहे, इथरटाइप म्हणजे चौकटीचा प्रकार सांगणारा क्रमांकही एकच (षोडशमान ८९०२), आणि संदेश-क्रमांकांची वाटणीही ठरलेली आहे : ० ते ३१ आयट्रिपलईकडे, ३२ ते ६३ आयटीयूकडे. सातत्य-तपासणी, लूपबॅक (पोहोच-तपासणी) व लिंकट्रेस (वाट-शोध) हे तिन्ही मूळ संदेश उत्तरांसह १ ते ५ या क्रमांकांत, म्हणजे आयट्रिपलईच्या वाट्यात येतात. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे घेतले असे म्हणण्यापेक्षा दोन्ही समित्यांनी मिळून आराखडा केला हे मत अधिक ग्राह्य वाटते. वाय.१७३१मध्ये याशिवाय विलंब व चौकट-गळती मोजण्याचे संदेश आहेत. ८०२.१एजी पुढे ८०२.१क्यू-२०११मध्ये विलीन झाले.

परिभाषेतील फरक मात्र राहिला. एकाच सेवेवर देखरेख ठेवणाऱ्या टोकबिंदूंच्या ज्या गटाला आयट्रिपलई मेंटेनन्स असोसिएशन म्हणते, त्याला आयटीयू एमईजी (मेंटेनन्स एंटिटी ग्रुप) म्हणते. आयटीयूच्या नावात डोमेनचे (एकाच यंत्रणेच्या देखरेखीखालच्या जाळ्याच्या भागाचे) नाव नसते. १३ अक्षरांची ओळख ३२ क्रमांकाच्या नामप्रकाराने (नाव कोणत्या स्वरूपात आहे हे सांगणाऱ्या आकड्याने) भरली जाते. दोन पद्धतींची उपकरणे समोरासमोर आली की पहिली अडचण इथेच येते.

मांडणी : प्रथम डोमेन व त्याची ० ते ७ यांपैकी एक पातळी ठरवतात. रूढ वाटणीनुसार ५ ते ७ ग्राहकाकडे, ३ व ४ सेवादात्याकडे आणि ० ते २ प्रत्यक्ष जाळे चालवणाऱ्याकडे. मोठ्या पातळीचे संदेश लहान पातळीच्या टोकांमधून आरपार जातात. लहान पातळीचे मोठीच्या टोकावर अडतात. त्यानंतर डोमेनखाली सेवा व तिचा व्हीलॅन बांधतात, आणि पोर्टवर १ ते ८१९१ यांपैकी क्रमांक देऊन टोकबिंदू म्हणजे एमईपी उभारतात. एमईपीची दिशा नीट ठरवावी लागते : डाउन एमईपी तारेकडे पाहते, अप एमईपी स्विचच्या आतून पलीकडच्या पोर्टांकडे. मधले एमआयपी बिंदू स्वतःहून काही पाठवत नाहीत, विचारले तरच उत्तर देतात. मानकानुसार नवी एमईपी मुळात निष्क्रिय असते व तिचे सातत्य-संदेशही बंद असतात. दोन्ही वेगवेगळे चालू करावे लागतात. समोरच्या एमईपींची यादीही द्यावी लागते, कारण जिची अपेक्षाच नोंदवलेली नाही ती गप्प झाली तरी कळत नाही.

सातत्य-संदेशाचा म्हणजे सीसीएमचा कालांतर ३.३३ मिलिसेकंद, १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद, १० सेकंद, १ मिनिट किंवा १० मिनिटे असतो. कालांतराच्या साडेतीन पट वेळ संदेश आला नाही की मार्ग तुटला असे धरतात : १ सेकंदाला ३.५ सेकंद, १० मिनिटांना तब्बल ३५ मिनिटे. ५० मिलिसेकंदांत पर्यायी मार्गावर जायचे असेल तर ३.३३ किंवा १० मिलिसेकंदच हवेत, आणि तेवढा वेग सहसा हार्डवेअरमध्येच पेलतो.

दोष : मानकात पाच दोष चढत्या प्राधान्याने दिले आहेत : आरडीआय (दूरच्या टोकाने कळवलेला दोष), पोर्टची स्थिती, दूरच्या एमईपीचे मौन, चुकीचा सीसीएम आणि परक्या सेवेचा सीसीएम. आरडीआय एकाच दिशेने तुटलेल्या मार्गासाठी अतिशय मोलाचा आहे. अ-कडून ब-कडे जाणारी बाजू तुटली तर ब आपल्या सीसीएममध्ये हा बिट लावतो आणि त्यामुळे अ-ला ते कळते. मूळ मांडणीत मात्र एकट्या आरडीआयवर अलार्म उठत नाही; तो हवा असल्यास अलार्मची किमान मर्यादा एक पायरी खाली आणावी लागते.

परक्या सेवेचा अलार्म पुष्कळदा खोटा निघतो. दोन्ही स्विचवर सेवेचे नाव १०० असेच दिसते. पण एकाने ते व्हीलॅन क्रमांक म्हणून दोन ऑक्टेटांत (आठ बिटांच्या गटांत) भरलेले असते, दुसऱ्याने १, ०, ० अशी तीन अक्षरे म्हणून. संदेशातील सेवेची ओळख असलेले ४८ ऑक्टेटांचे क्षेत्र जसेच्या तसे ताडले जाते, म्हणून वाहतूक सुरळीत असूनही अलार्म वाजत राहतो. नामप्रकार दोन्हीकडे सारखा केला की तो थांबतो. कालांतर जुळत नसेल तर चुकीच्या सीसीएमचा दोष दिसतो.

शोध : लूपबॅक एखाद्या बिंदूपर्यंत पोहोचता येते का ते पाहतो; लिंकट्रेस वाटेतले बिंदू ओळीने दाखवतो. लिंकट्रेस स्विचच्या मॅक-तक्त्यावर (कोणता उपकरण-पत्ता कोणत्या पोर्टकडे आहे याच्या यादीवर) चालतो. मार्ग तुटल्यावर समोरचा पत्ता थोड्याच वेळात, पुष्कळ स्विचवर ३०० सेकंदांत, तक्त्यातून गळतो आणि शोध मध्येच अडतो. यावर उपाय म्हणून एमआयपीमध्ये सीसीएमवरून पत्त्यांची वेगळी नोंद ठेवण्याची ऐच्छिक सोय मानकात आहे. त्या नोंदी किमान २४ तास टिकाव्यात अशी अपेक्षा आहे. ही सोय नसलेल्या स्विचवर लिंकट्रेस अलार्म येताच, पत्ता गळण्याआधी चालवावा लागतो.