बाकावरची आजी आणि चौदा प्रश्न

झिंबाब्वेतल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ: अति विचार करणं. झोप उडालेली, छातीत धडधड, हातातलं काम पुढे सरकत नाही, आणि दवाखान्यात 'काय होतंय?' विचारलं की बाई सांगते, कुफुंगिसिसा. आपल्याकडेही 'मला नैराश्य आलंय' म्हणत सरकारी दवाखान्यात कोणी येत नाही. 'डोक्यात सारखे विचार चालू असतात', 'जिवाला घोर लागलाय', नाहीतर सरळ 'टेन्शन'. केसपेपरवर मात्र लिहिलं जातं डोकेदुखी, अशक्तपणा, आणि हातात पडतात तेवढ्यापुरत्या गोळ्या.

मूळचे मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेत, काम करत होते. तिथल्या रुग्णांचे स्वतःचे शब्द गोळा करून त्यांनी व सहकाऱ्यांनी १४ प्रश्नांची यादी बनवली. गेल्या आठवड्यात फार विचार करत होता का? झोप उडाली होती का? कामं मागे पडली का? जीव नकोसा झाला का? उत्तरं फक्त हो किंवा नाही. ही यादी चालवायला डॉक्टर लागत नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

२००५ साली झिंबाब्वे सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या जमीनदोस्त केल्या. जवळपास ७ लाख लोकांचं घर किंवा पोटापाण्याचं साधन गेलं, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. सबंध देशात मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यांच्यातले एक, डिक्सन चिबांडा, यांच्या एका तरुण स्त्री रुग्णाने त्याच काळात आत्महत्या केली. दवाखान्यात यायला बसभाडं नव्हतं, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. भाडं होतं सुमारे १५ डॉलर. रुग्णाने डॉक्टरपर्यंत यायचं ही व्यवस्थाच चुकीची आहे, हे चिबांडांना तेव्हा कळून चुकलं.

पण २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत काम सुरू करताना त्यांना मिळालं काय? ना खोली, ना नर्स. मिळाल्या १४ आज्या, वस्तीत आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या. जागा नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकलं. त्याला 'मानसिक आरोग्याचं बाक' म्हणायचं ठरलं होतं. अशा बाकावर कोण येऊन बसेल, असं आज्यांनीच सुनावलं, आणि त्याचं 'मैत्रीचं बाक' झालं.

या बाकावर चालतं काय? समजा एक बाई आली. नवरा आजारी, भाडं थकलेलं, मुलाची फी राहिलेली. नैराश्यात या सगळ्याचा एकच डोंगर होतो आणि कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही. आजी आधी सगळं बोलू देते. याला त्या 'कुव्हुरा प्फुंग्वा' म्हणतात, म्हणजे मन उघडणं. मग अडचणी एकेक करून मोजायच्या आणि बाईने स्वतः त्यातली एकच निवडायची. समजा फी निवडली, तर उद्या शाळेत जाऊन हप्ते मागायचे, इतकं लहान आणि ठरलेलं पाऊल. पुढच्या भेटीत काय झालं ते पाहायचं. अशा साधारण सहा भेटी. आजी सल्ला देत नाही, आणि हेच शिकणं आज्यांना सर्वांत अवघड जात असणार, असं मला वाटतं!

पुष्कळजण काळाबरोबर आपोआपही बरे होतात. मग गुण बाकाचा की काळाचा? हे तपासण्यासाठी हरारेतले २४ दवाखाने घेऊन कुठे बाक आणि कुठे नेहमीची सेवा थोडी सुधारून द्यायची, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. माणसांऐवजी दवाखाने वाटले, कारण एकाच दवाखान्यातली माणसं एकमेकांशी बोलणारच. ५७३ जणांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहभागी होताना सगळ्यांची त्या १४ प्रश्नांपैकी ९ किंवा जास्त उत्तरं 'हो' अशी होती. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची सरासरी ३.८ वर आली, इतरांची ८.९ राहिली.

पटेल पुढे गोव्यात आले. १९९६ साली तिथे 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना फक्त थोडी सुधारलेली नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात ३९ टक्के. आधीच्या एका गोव्यातल्याच अभ्यासात एक गोष्ट वेगळी दिसली होती: सरकारी केंद्रांत समुपदेशकांमुळे फरक पडला, खासगी डॉक्टरांकडे तसा पडला नाही. वर्षानुवर्षं ओळखणारा घरचा डॉक्टर आधीच दोन शब्द बोलत असेल, हे कारण मला पटतं. सरकारी रांगेत मात्र विचारपूस करायला कुणाला वेळच नसतो.

मात्र हे वाचून डॉक्टर नकोतच असा अर्थ काढणं घातक ठरेल. भास होणाऱ्या माणसाला औषध लागतं, बाक पुरत नाही. 'जीव नकोसा झाला का?' याला हो आलं की आजी ते एकटीने निभावत नाही, ताबडतोब वरच्या प्रशिक्षित व्यक्तीला कळवते. ही साखळी तुटली तर कार्यक्रमाचा अर्थच जातो. (आपल्याकडे १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.) दुसरी गोष्ट पैशाची. आपल्या आशाताईंना मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागतं. त्यांच्याच गळ्यात मन सांभाळण्याचं कामही टाकायचं आणि वर त्याला सेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

म्बारेतल्या भेटी संपल्या की ती बाई एका गटात जाते. त्याचं नाव 'कुबाताना तोसे', सगळ्यांनी हात धरणं. आधी बाकावर बसून गेलेल्या बाया तिथे जमतात आणि टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाने पिशव्या विणतात. विणता विणता बोलतात. पिशवी विकली की चार पैसे येतात, त्यातून कधी थकलेल्या भाड्याला हातभार लागतो.