रंग एकटा बघू नका : फुलापानांची पैठणी ऑर्डर करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

येवल्यात आमचे तीन माग आहेत, घरचेच, आणि आता निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. कुणी कासच्या पठारावरचा फोटो टाकतं, कुणी दारातल्या ताम्हणाचा, कुणी मोराचा, आणि खाली एकच ओळ, "दादा सेम टू सेम असाच रंग पाहिजे." सेम टू सेम का येत नाही आणि आला तरी का आवडत नाही हे फोनवर सांगून सांगून आमचा घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलंय. ऑर्डर देण्याआधी दहा मिनिटं काढून वाचा.

पहिली गोष्ट, कापडाला रंग लावलेला नसतो, धागे आधीच रंगवलेले असतात. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. दोन्ही एकाच रंगाचे असले तर साडी सपाट एकरंगी दिसते, पण ताणा निळा आणि बाणा हिरवा घेतला की लांबून मोरपंखी दिसतं. डोळ्याजवळ धरलं तर निळा वेगळा, हिरवा वेगळा, हातभर लांब नेलं की दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी. मिसळायचं काम तुमचा डोळा करतो, आम्ही फक्त धागे शेजारी बसवतो.

आणि धूपछाव म्हणतात ती यातूनच येते. ताण्याचे धागे एका दिशेला, बाण्याचे दुसऱ्या, त्यामुळे पदर हलला की कधी याच्यावर उजेड पडतो कधी त्याच्यावर. मजा म्हणजे मोराचंही थोडंफार असंच आहे, पिसात निळा-हिरवा रंग नसतोच, असतं ते तपकिरी रंगद्रव्य, पिसाच्या आतल्या बारीक रचनेवरून उजेड परततो तेव्हा निळं-हिरवं दिसतं आणि मोर वळला की रंगही वळतो. मोरपंखी हे नाव ज्यानं ठेवलं त्याची नजर चांगली होती!

पण कुठलेही दोन रंग घेऊन धूपछाव होत नाही हे आम्ही पैसे घालवून शिकलोय. एका ताईंना ताम्हणाची साडी हवी होती, फुलात जांभळा आणि पिवळा दोन्ही आहेत ना, मग आम्ही हुशारी केली, जांभळा ताणा आणि पिवळा बाणा घेतला. मागावर जवळून झकास दिसत होतं, साडी उतरवून दारात उन्हात धरली तर अंग सगळं मळकट, चहा सांडल्यासारखं. जांभळा आणि पिवळा हे रंगचक्रात समोरासमोरचे, धाग्याधाग्यानं मिसळले की एकमेकांना मारतात. लाल-हिरव्याचंही असंच तपकिरीकडे जातं, कुणाला ते आवडतंही, पण आधी माहीत असलेलं बरं. ती ताम्हणाची साडी अजून आमच्या कपाटात आहे, आलात तर बघायला मागा.

नंतर झाडाखाली उभं राहून नीट बघितलं तर उत्तर फुलातच होतं. ताम्हणाच्या सहा चुरगळलेल्या पाकळ्या जांभळ्या, आणि पिवळा फक्त मधल्या केसरांचा झुपका, तेवढाच. विरोधी रंग मिसळायचे नसतात, शेजारी ठेवायचे असतात, तेही निम्मे निम्मे नाही. आर्ट कॉलेजात शिकवतात की पिवळा एक भाग तर जांभळा तीन भाग, कारण पिवळा मुळातच जास्त उजळ, थोडाच पुरतो. ताम्हण त्याहून कंजूष आहे. आपला हरियाल पक्षी बघा, सगळं अंग पिवळट हिरवं आणि खांद्यावर फिक्कट जांभळा एवढासा ठिपका. ताईंची दुसरी साडी आम्ही जांभळा ताणा आणि गुलबक्षी बाणा घेऊन विणली, पिवळा फक्त बुट्टीच्या मध्यभागी. ती त्यांनी आनंदानं नेली.

शेजाऱ्याची भानगड इथेच संपत नाही. पॅरिसला गोबलँ म्हणून विणकामाचा सरकारी कारखाना, तिथं शेव्रल नावाचा केमिस्ट रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा नीट रंगत नाही, फिका पडतो. त्यानं तपासलं, काळा चोख होता, बाजूच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता! त्यावर त्यानं १८३९ मध्ये जाडजूड पुस्तकच छापलं. आमच्याकडे रोज हेच, मोतिया रंग राणी काठाशेजारी ठेवला की हिरवट वाटतो आणि फोन येतो की "हा तो मोतिया नाही." तोच आहे हो, काठ हाताने झाकून बघा.

आणि जर, म्हणजे ती चकाकणारी तार, हाही रंगच आहे हे सगळे विसरतात. पदराची जमीन सोनेरी जरीची, म्हणजे पिवळीच की. एका काकांनी कासची पिवळी सोनकी पदरावर मागितली, विणली, आणि फूल गायब, जरीत जर! शेवटी प्रत्येक पाकळीला बॉटल ग्रीनची बारीक कड दिली तेव्हा कुठे सोनकी उठून आली. पिवळं फूल हवंच असेल तर चंदेरी जर घ्या नाहीतर फूल पदराऐवजी साडीच्या अंगावर घ्या. उलट निळा, जांभळा, डाळिंबी जरीवर कसाही टाका, मीनाकारीसारखा बसतो.

नक्षीचं थोडक्यात सांगतो. डिझाइन आधी ग्राफवर उतरतं, त्यामुळे गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच येणार. फोटोत एका पाकळीत वीस शेड असतात, आम्ही एका फुलात चार-पाचच्या पुढे जात नाही, कारण रंगाच्या प्रत्येक तुकड्याला धागा गुंडाळलेली वेगळी कांडी, ती हाताने फिरवायची, शेजारच्या धाग्यात अडकवायची. शेड वाढली की दिवस वाढले, दिवस वाढले की किंमत.

आता पाठवायचं काय. फोटो सावलीतला, फिल्टर न लावलेला. फूल पाठवू नका, एका वहिनींनी पाकळ्या कुरियर केल्या होत्या, पोचेपर्यंत चहापत्ती. त्यापेक्षा जवळच्या रंगाचं ब्लाउजपीस किंवा धागा पाठवा. आम्ही शेडकार्ड पाठवू ते सकाळी खिडकीशी बघा, ट्यूबलाइटखाली नको, तिथं जुळलेले दोन रंग बाहेर येऊन वेगळे निघतात. रंगाचं नुसतं नावही पुरत नाही. वांगी म्हणता तेव्हा कुठलं वांगं? जळगावचं भरताचं वांगं हिरवं असतं, एकदा त्यावरून खरंच घोळ झाला होता.

आणि शेवटचं, ताणा एकदा मागावर चढला की त्यावर बऱ्याच साड्या निघतात, तोवर बदलत नाही, बदलतो तो बाणा. सध्या एका मागावर राणी ताणा आहे, दुसऱ्यावर चिंतामणी. त्यातलं चालत असेल तर वीतभर नमुना विणून आधी दाखवू, पसंत पडला तर पुढे. वेगळा ताणा हवा असेल तर तिसरा माग दिवाळीनंतर रिकामा होतोय, आत्ताच सांगून ठेवा.