किर्केगार्ड : आडनावाचा अर्थ आणि मराठी रूपे

किर्केगार्ड हे डॅनिश आडनाव तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड (५ मे १८१३ – ११ नोव्हेंबर १८५५) याच्यामुळे जगभर पोचले. डॅनिशमध्ये ‘किर्के’ म्हणजे चर्च आणि ‘गोर’ (आडनावातला ‘गार्ड’) म्हणजे शेतवाडी किंवा आवार. दोन्ही जोडून होणारा ‘किर्केगोर’ हा सामान्य शब्द मात्र दफनभूमी या अर्थाने रुळलेला आहे. त्यामुळे चिंता, निराशा, मृत्यू यांवर लिहिणाऱ्या या माणसाच्या ‘नावातच स्मशान होते’ असे लिहायचा मोह अनेकांना होतो. वाक्य झोकदार असते, पण आडनाव त्या वाटेने आलेले नाही.

ते आले गावच्या जमिनीतून. सोरेनचा बाप मिकाएल पेडरसन हा १७५६ साली डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधल्या सेडिंग या गरीब खेड्यात जन्मला. चर्चलगतच्या शेतवाडीला ‘किर्केगोर’ म्हणत आणि तिथल्या कुटुंबाला तेच नाव चिकटले. कोल्हापूरकराला हे फोडून सांगावे लागत नाही. देवस्थान इनामाची जमीन पिढ्यानपिढ्या कसणारी घरे इथे गावोगाव आहेत. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचे मुख्य ठाणे कोल्हापुरातच असून तिच्याकडे तीन हजारांवर देवळांचा कारभार आहे. ‘देवाच्या जमिनीवरचा’ ही ओळख आपल्याकडेही माणसाला पुरते.

डॅनिश आडनावांत अशा वाड्यांची रेलचेल आहे. नोरेगार्ड म्हणजे उत्तरेकडची वाडी, सोनरगार्ड दक्षिणेकडची, डामगार्ड तळ्याकाठची, स्कोवगार्ड रानातली. आपल्याशी फरक एवढाच, की डॅनिश माणूस वाडीचे नाव जसेच्या तसे लावतो. आपण त्याला ‘कर’ जोडतो. बावड्याचे अमात्य बावडेकर झाले, तसा सेडिंगचा मिकाएल मराठीत ‘देऊळवाडीकर’ झाला असता. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते हेच सर्वांत जवळचे भाषांतर. बावडी म्हणजे विहीर म्हणून बावडेकरांचे भाषांतर ‘विहीरवाले’ असे कोणी करत नाही, मग किर्केगार्डचे ‘स्मशान’ का करावे?

शिवाय ‘स्मशान’ हा शब्द इथे दुसऱ्या कारणानेही बसत नाही. मराठीत स्मशान म्हटले की चिता आणि नदीकाठ डोळ्यांपुढे येतो. कोल्हापुरात तर पंचगंगेचा घाटच. डॅनिश किर्केगोरमध्ये मूळ कल्पना चर्चच्या कुंपणातल्या पुरण्याच्या जागेची आहे. पुरण्याच्या जागेला इथे समाजागणिक वेगळे शब्द आहेत : मुसलमानांचे कब्रस्तान, लिंगायतांची रुद्रभूमी, ख्रिश्चनांची दफनभूमी. यांतला शेवटचा शब्द अर्थाने बरोबर, पण त्यात चर्चही नाही आणि वाडीही नाही. सरकारी फलकावरचा शब्द वाटतो. ‘चर्च’लाही मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. इमारतीला ‘देऊळ’ किंवा ‘उपासना मंदिर’ चालते. श्रद्धावंतांच्या समुदायाला मराठी बायबल ‘मंडळी’ म्हणते. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनचे काम रॉयल वाइल्डर यांनी सुरू केले, तेव्हापासून हे शब्द इथल्या ख्रिस्ती घरांत रोजच्या वापरातले आहेत. डॅनिश ‘किर्के’ मात्र वास्तू आणि संस्था, दोन्हींचे काम एकटाच करतो.

आणखी मागे गेले की शब्द थेट आपल्या ओसरीवर येतात. ‘गोर’, इंग्रजीतला ‘यार्ड’ आणि संस्कृत ‘गृह’ यांचे मूळ एकच मानले जाते, आणि ‘गृह’वरूनच प्राकृतातून मराठी ‘घर’ आले. ‘किर्के’च्या मागे ग्रीक ‘क्युरिआकोन’, म्हणजे ‘प्रभूचे’, हा शब्द आहे. त्यातला ‘क्युरिओस’ (प्रभू) संस्कृत ‘शूर’चा दूरचा भाऊबंद समजला जातो. हे भाषाशास्त्र झाले, भाषांतर नव्हे. त्या जोरावर कोणी ‘शूरघरे’ असे आडनाव करू नये.

लेखन आणि उच्चार : आडनावात जुन्या वळणाचा दुहेरी ‘आ’ दिसतो. १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेत डॅनिशने त्याऐवजी वर गोल काढलेले एकच अक्षर घेतले. सामान्य शब्द बदलला, आडनावे बहुतांशी जुनीच राहिली. या अक्षराचा उच्चार ‘ऑ’ला जवळचा, शेवटचा ‘ड’ अनुच्चारित आणि ‘र’ जवळपास गिळलेला. म्हणून ‘किर्केगॉर’ हे लेखन ‘किर्केगार्ड’पेक्षा मुळाशी अधिक प्रामाणिक. पण मराठीत ‘किर्केगार्ड’ इंग्रजीच्या हाताने आले आणि बसले. आता ते उठवण्यात अर्थ नाही.

स्वतः सोरेनने हे आडनाव बऱ्याच पुस्तकांवर छापलेच नाही. ‘व्हिजिलियस हाउफ्निएन्सिस’ (कोपनहेगनचा पहारेकरी), ‘योहानेस द सिलेन्सियो’ (मौनाचा योहान) अशी टोपणनावे त्याने घेतली. ती अर्थ ठरवून घडवलेली असल्याने त्यांचे भाषांतर करणे रास्त आहे. आडनावाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. बापाची गोष्ट मात्र त्याने दैनंदिनीत टिपली आहे : जटलंडच्या उजाड माळावर मेंढरे राखणाऱ्या, थंडीभुकेने गांजलेल्या पोराने टेकडीवर उभे राहून देवाला शाप दिला, आणि म्हातारपणीही तो ते विसरू शकला नाही. पुढे हाच पोर कोपनहेगनला जाऊन लोकरीच्या मोज्यांच्या व्यापारात श्रीमंत झाला. देवाच्या वाडीवरचे नाव लावणारा आणि देवाला शिव्या घातल्याची धास्ती बाळगणारा हा बाप मुलाच्या विचारांत कायम हजर आहे. आडनावाचा खरा भार शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षभरात सोरेनने डेन्मार्कच्या राजमान्य चर्चवर जाहीर हल्ला चढवला आणि ‘क्षण’ या अर्थाच्या नावाची पत्रिका स्वतःच काढली. दहावा अंक निघण्याआधी तो गेला. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या भाच्याने, चर्चवर टीका करणाऱ्याला चर्चनेच पुरावे, याबद्दल भर गर्दीत निषेध नोंदवला. सोरेन पुरला आहे कोपनहेगनमधल्या कुटुंबाच्या जागेत. हान्स क्रिस्टियन अँडरसन आणि नील्स बोर यांच्याही कबरी असलेल्या त्या दफनभूमीचे नाव असिस्टन्स किर्केगोर.