जंक्शन वेगळं, हब वेगळं
नागपूरच्या झिरो माईलच्या चार घोड्यांसमोर उभं राहिलं की कुणी ना कुणी म्हणतंच, "आपण देशाच्या मधोमध आहोत भाऊ, मग विमानांचं हब इथे का नाही?" लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या सभेत, सोनेगाव विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत, गेली वीस वर्षं मी हे ऐकतो आहे. त्यामागची तळमळ माझीही आहे. पण या प्रश्नात जंक्शन आणि हब या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, आणि ती सुटत नाही तोवर आपण नेमकं मागायचं तेच मागत नाही.

जंक्शन नागपूरकराला समजावायला नको. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे मार्ग आपल्याकडे एकमेकांना छेदतात, डायमंड क्रॉसिंग दाखवायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. रूळ जिथून गेले तिथूनच गाडी जाणार. म्हणून तिथे नकाशावरच्या जागेला मोल आहे.

विमानाला रूळ नाहीत. दिल्ली ते नागपूर हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर, नागपूर ते चेन्नई सुमारे ९००. दोन्हींची बेरीज दिल्ली–चेन्नईच्या सरळ अंतराएवढीच भरते, म्हणजे आपण बरोबर त्या रेषेवर बसलो आहोत. जंक्शनच्या हिशेबाने याहून चांगली जागा मिळणार नाही. तरी एअरबस ए-३२० हे अंतर एका दमात, तीन तासांच्या आत कापतं. त्याला मध्ये उतरवायचं म्हणजे जादा इंधन, लँडिंगचं शुल्क आणि तासाभराचा खोळंबा. हिवाळ्यात संध्याकाळी फुटाळा तलावावर उभं राहून वर बघा. पांढऱ्या रेघा एकमेकींना कापत जाताना दिसतात. आपलं आकाशातलं जंक्शन ते. ही विमानं नागपूरच्या एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाशी, बोलतात आणि पुढे निघून जातात. एखाद्या प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं तर इथे उतरतात, त्याला दवाखान्याच्या हवाली करून पुन्हा उडतात.

हब हा शब्द चाकातला. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणजे हब, त्यातून निघतात ते आरे. सगळा घोटाळा या उपमेने केला आहे असं मला वाटतं, कारण तुंबा चाकाच्या मधोमधच असतो. विमान कंपनीचा तुंबा मधोमध असावा लागत नाही. ती एवढंच करते: वीस शहरांतून विमानं साधारण एकाच वेळी एका ठिकाणी आणते, प्रवासी अदलाबदल करतात, मग सगळी विमानं लागोपाठ सुटतात. वीस शहरं एकमेकांना थेट जोडायची तर १९० मार्ग लागतात, एका हबला जोडायला वीसच. हा फायदा खरा आहे. भाषणं मात्र इथेच संपतात आणि खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो: त्या विमानांत पैसे देऊन बसतं कोण?

समजा भोपाळहून १८० जागांचं विमान नागपूरला आलं आणि त्यातले सगळे पुढे वीस दिशांना पांगले. वाट्याला आले विमानामागे नऊ जण. या प्रत्येकाने एका तिकिटात दोन विमानांतल्या दोन जागा वापरल्या, दोन उड्डाणांचा खर्च करवला. शिवाय तो टिकणारा नाही. भोपाळ ते भुवनेश्वर पुरेसे लोक जमले की दुसरी कंपनी थेट विमान सुरू करते आणि त्याला घेऊन जाते. ज्याला हबच्या शहरातच यायचं आहे, तो असा पळवता येत नाही. परवाच्या मीटिंगसाठी आज तिकीट काढणारा माणूस चांगला दर मोजतो. विमान पोसतो तो. म्हणून कंपनी आधी शहराचा स्वतःचा प्रवासी मोजते, नकाशा नंतर उघडते. मुंबई समुद्राच्या काठावर आहे, बंगळुरू दक्षिणेत आहे, आणि दोन्हीकडे हब चालतं.

अमेरिकेत हे अनुभवाने सिद्ध झालं आहे. डेल्टा एअरलाइन्सचं सर्वांत मोठं हब अटलांटा देशाच्या आग्नेय भागात आहे. सेंट लुईस जवळपास मध्यावर, पण टीडब्ल्यूए या विमान कंपनीकडून २००१ मध्ये ते हाती आल्यावर अमेरिकन एअरलाइन्सने २००३ मध्येच तिथली उड्डाणं मोठ्या प्रमाणात कापली.

"मग दुबई, दोहा?" हेही लगेच येतं. तिथे जागेचं महत्त्व आहेच, कारण नागपूर–मँचेस्टर असं थेट विमान कधीच भरणार नाही. लांब पल्ल्याच्या अशा हजारो विरळ जोड्या दोन खंडांच्या मध्ये गोळा होतात. दोह्याच्या विमानात बसणारा नागपूरकर त्याच चाकाचा आरा असतो.

मधोमध असण्याचा फायदा नागपूरने एकदा खराच घेतला होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि उजाडायच्या आत परतायची. नमुनेदार हब होतं ते. थैलीला मध्यरात्री ताटकळल्याचा त्रास नाही, थेट विमानाचा हट्ट नाही, सकाळी पोचली की झालं. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये हाच फरक उघडा पडतो. फेडएक्स या कुरिअर कंपनीने १९७३ मध्ये तिथून रात्रीची पार्सलं सुरू केली आणि त्यांचं मुख्य हब आजही तिथेच आहे. डेल्टाने तिथलंच आपलं प्रवासी हब २०१३ मध्ये बंद केलं. शहर एक, जागा एक, निकाल दोन. म्हणून विमानतळाला लागून असलेल्या मिहान या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाच्या संदर्भात कुणी मालवाहतुकीबद्दल बोललं तर मी कान देऊन ऐकतो.

बाकी किरकोळ. विमानं रात्री मुक्कामाला राहतात तो बेस, दुरुस्तीला येतात तो एमआरओ. मिहानमधला एमआरओ अभिमानाचा आहे, पण तिथे विमानं येतात, प्रवासी बदलायला येत नाहीत. एज्युकेशन हब, हेल्थ हब वगैरे शब्द तर मला ऐकवतच नाहीत.

मला हबची पाटी नको. सकाळी निघून काम आटोपून रात्री घरी जेवायला परतता येईल अशी थेट विमानं हवीत, आजच्यापेक्षा जास्त शहरांना.