गुर्जर रेजिमेंट नाही, म्हणून शौर्यही नाही?

‘गुर्जरांच्या नावाची रेजिमेंट नाही, म्हणजे ही लढवय्यी जमात नव्हेच,’ हे विधान अजून फिरते. ते साफ चूक आहे.

12 मे 1944. इटलीत गारी नदीपलीकडे 8व्या पंजाब रेजिमेंटची एक कंपनी चार मशीनगन चौक्यांच्या माऱ्यात अडकली. उजवीकडच्या चौकीमागे कोण जाईल, असे विचारताच करौलीकडचा 19 वर्षांचा शिपाई कमलराम गुर्जर पुढे झाला. तारेखालून सरपटत जाऊन त्याने ती चौकी एकट्याने घेतली. लगेच दुसरी घेतली आणि तिसरीसाठी हवालदाराला साथ दिली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, तेही जिवंतपणी.

मग रेजिमेंट का नाही? 1857 च्या उठावात मेरठ-बुलंदशहर भागातले गुर्जर मोठ्या संख्येने उतरले. त्यानंतर इंग्रजांनी भरतीचा कल पंजाबकडे वळवला आणि ‘लढवय्या जाती’ कोणत्या ते स्वतःच्या सोयीने ठरवले. महारांची भरतीही याच विचाराने 1890 च्या दशकात बंद झाली होती, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. असली यादी पराक्रमाचे माप कशी ठरेल?

स्वातंत्र्यानंतर जातीच्या नावाने नवी रेजिमेंट उभारायची नाही, हे सरकारचे धोरण राहिले. 1949 ची ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही पायदळ रेजिमेंट सर्व समाजांसाठी खुली होती. गुर्जर जवान मात्र सैन्यात आहेतच. राजपूत रेजिमेंटमध्ये तर ते मोठ्या संख्येने आहेत, फक्त रेजिमेंटच्या नावावरून ते कळत नाही.