कुंडीतल्या मातीचा सामू
कुंडीतल्या मातीचा सामू म्हणजेच पीएच, माती किती आम्ल आणि किती अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा. पट्टी ० ते १४ ची, ७ म्हणजे उदासीन, त्याच्या खाली आम्ल आणि वर अल्कधर्मी. सोरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही पद्धत काढली. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट असतो, त्यामुळे ६ आणि ८ यातलं अंतर शंभरपट होतं, हे कुंडीवाल्यांनी आधी मनात पक्कं धरायला हवं.

बहुतेक झाडांना मातीत ६ ते ७ मानवतं, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा जास्त असलेल्या मिश्रणात थोडं खाली म्हणजे ५.५ ते ६.५. सामू वर गेला की लोह, मँगनीज, जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही, फॉस्फरस कॅल्शियमबरोबर अडकून बसतो. फार खाली, ५ च्या आत गेला की उलटं होतं, मँगनीज आणि ॲल्युमिनियम जास्त विरघळून मुळांना त्रास देतात. हायड्रेंजियाचं फूल आम्ल मातीत निळं आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी होतं तेही याच ॲल्युमिनियममुळे.

आपल्याकडे कुंड्यांचा त्रास बहुतेक वेळा सामू वर गेल्याचाच असतो. देशावरची काळी माती मुळात अल्कधर्मी, त्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, कोकणातली जांभ्याची लाल माती मात्र आम्ल असते. नर्सरीतून आणलेली लाल माती, शेणखत, कोकोपीट असं मिश्रण सुरुवातीला छान चालतं आणि वर्षभरात अनंत, मोगरा, कढीपत्ता, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण. जुनी खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, नत्र नाहीतर मॅग्नेशियम कमी पडतंय. आणि कुंडीचं भोक बुजून पाणी साचलं असेल तर मुळं गुदमरूनही तसंच पिवळं दिसतं, म्हणून सामूच्या मागे लागायच्या आधी भोक बघा.

मग वर्षभरात असं काय होतं? खरं कारण पाणी. शेतात पाऊस क्षार खाली वाहून नेतो, कुंडीत माती थोडी आणि आपण रोज तेच पाणी ओततो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट हा विरघळलेला अल्कधर्मी क्षार भरपूर असतो, तो दर पाण्याबरोबर मातीत साठतो आणि सामू हळूहळू वर ढकलतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो याचाच. मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते तुलनेने मृदू, त्यामुळे मुंबईतल्या गॅलरीत जी झाडं सहज टिकतात ती उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत रडत बसतात. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बरेच जण वाचवायचं म्हणून कुंड्यांना घालतात, भावना चांगली आहे पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं आणि पावसाचं तर उत्तमच, नाजूक झाडांसाठी ते ड्रमात साठवून ठेवावं. नव्या सिमेंटच्या कुंडीतून आणि गच्चीवरच्या मातीत मिसळलेल्या प्लॅस्टरच्या तुकड्यांतूनही चुना झिरपतो, त्यामुळे नवी सिमेंटची कुंडी काही दिवस पाणी बदलत भिजवून मगच भरावी.

मोजायचं कसं: मातीच्या वजनाच्या अडीचपट डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ढवळत अर्धा तास ठेवायचं आणि पीएच मीटरने वाचायचं. मीटर आधी बफर पावडरीने (ठरावीक सामूचं द्रावण करायची पावडर) कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्या द्रावणाशी जुळवून घेतलेला हवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. मातीत खुपसायचे दोन दांड्यांचे स्वस्त मीटर मिळतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, ओलावा बदलला की आकडा बदलतो. वापरायचं पाणीही तपासून घ्यावं. मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसलं तर त्यात चुनखडी आहे.

चुनखडी असेल तर सामू उतरवायची धडपड करू नये, कारण आधी सगळी चुनखडी संपावी लागते, त्यापेक्षा माती बदलून झाड नव्याने भरलेलं बरं. नसेल तर गंधक पावडर चालते. मोठ्या कुंडीला चहाच्या चमच्याने एक चमचा गंधक वरच्या मातीत मिसळायचं आणि धीर धरायचा, मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, त्याला ऊब, ओल आणि महिना-दोन महिने लागतात. लगेच दिसत नाही म्हणून पुन्हा घालणं, मग अजून घालणं, यात झाडं मरतात. अमोनियम सल्फेट खतानेही सामू थोडा थोडा उतरतो.

तोपर्यंत झाडाला लोह हवंच. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) मातीत घातलं तर अल्कधर्मी मातीत ते लगेच अडकतं, म्हणून लिटरला २-३ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारावं. मातीतूनच द्यायचं तर चिलेट, म्हणजे लोह अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं खत, त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं, ईडीटीए चिलेट सामू ६.५ च्या वर फारसं टिकत नाही. चिलेटचं पाकीट घेताना लेबल वाचा, बरेचदा दुकानदार नुसतं चिलेटेड आयर्न म्हणून देतात.

चहाचा चोथा, लिंबाची सालं, व्हिनेगरचं पाणी हे उपाय जिकडे तिकडे सांगतात. चोथ्याने माती भुसभुशीत होते, सामूवर परिणाम नगण्य. व्हिनेगरने आकडा तेवढ्यापुरता पडतो, मग जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि काही दिवसांत माती होती तिथे येते. लाकडाची राख मात्र सामू वाढवते, त्यामुळे काळ्या मातीच्या कुंडीत ती अजिबात घालू नये. कोकणातल्या खरोखर आम्ल मातीत तीच राख किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची भुकटी) थोडं थोडं घातलं तर उपयोगी पडतं, डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं.